हुशारीच्या गोळ्या

धारवाडच्या आमच्या शिकवणीचे सर स्वतःला विद्यार्थी घडवणारे म्हणवत. मी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, असताना त्यांनी माझ्या वडिलांना, अप्पांना, बोलावून सांगितलं, "पोरगी हुशार आहे, पण लक्ष उडतं. रोज सकाळी ही गोळी द्या." गोळी कशाची, कुठल्या डॉक्टरनं सांगितली, अप्पांनी काही विचारलं नाही. अप्पा हायस्कूलात विज्ञान शिकवायचे. बाजारात भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय न घेणारा हा माणूस गोळ्यांची पाकिटं मात्र निमूट खिशात घालून आला.

गोळीनं काम केलं, खोटं का बोलू? भूक मेली, छाती धडधडायची, पण पानंच्या पानं पाठ व्हायची. मार्क मिळाले. सरांनी माझा फोटो फलकावर चढवला, अप्पांनी गल्लीभर पेढे वाटले.

इंजिनिअरिंगला गेल्यावर गोळ्या बंद झाल्या आणि डोकंही बंद पडलं. पान शेवटपर्यंत वाचायचं आणि हाती काही लागायचं नाही. "आळशी झालीस," अप्पा म्हणाले. दोनदा नापास होऊन मी कॉलेज सोडलं.

आता हुबळीत एका वकिलांकडे कागद तपासते. ओळीखाली पट्टी धरून, एकेक परिच्छेद तीनदा. मागे एका डॉक्टरना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या वयात मेंदू घडत असतो. गोळ्यांमुळंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, आणि नाही असंही म्हणवत नाही." नक्की माहीत नाही असं कबूल करणारा एवढा एकच शिकलेला माणूस मला भेटला.

परवा नवनगरात सरांचा सत्कार होता. "त्यांच्यामुळं तू घडलीस, चार शब्द बोल," अप्पा हटून बसले. मी माईकवर उभी राहिले आणि गोळ्यांपासून पट्टीपर्यंत सगळं सांगितलं.

सर खुर्चीतूनच हसले. "हिला पहिल्यापासून थट्टेची सवय!" लगेच सगळे हसले. अप्पाही.

पायऱ्यांवर एका बाईंनी मला गाठलं. शेजारी त्यांची मुलगी, शाळेच्या गणवेशात. मला वाटलं, चला, एका तरी आईला समजलं. त्या हळूच कन्नडात म्हणाल्या, "अक्का, गुळिगी हेसरु एन्री?" गोळीचं नाव विचारत होत्या.

"नाव नाही सांगणार," मी म्हटलं आणि मुलीकडे वळले. "कुणीही दिली तरी घेऊ नकोस."

बाईंनी तोंड वाकडं केलं, मुलीचं मनगट धरलं आणि सरांच्या पाया पडायला रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

बसमध्ये अप्पा म्हणाले, "लोकांसमोर बोलायची काय गरज होती?"

मी उठून पुढच्या सीटवर जाऊन बसले. उणकलचा थांबा येईपर्यंत मागं वळून बघितलं नाही.