स्टॅनमोर ते ईलिंग, पाठीवर कुकर

२ फेब्रुवारी २००९, सोमवार, रथसप्तमी. अंतर नऊ मैल. निघताना दारात हजर: मी, पत्नी सुनंदा आणि शेजारचा गॉर्डन, ज्याची सायकल मी नेत होतो. रात्रभर बर्फ पडून लंडनच्या बस आणि ट्यूब (भुयारी रेल्वे) दोन्ही बंद. ईलिंगला माझी भाची केतकी हिच्या दहा महिन्यांच्या ईराचं पहिलं बोरन्हाण (लहान मुलाला बोरं-मुरमुऱ्यांनी न्हाऊ घालतात ते) आजच व्हायला हवं होतं. रथसप्तमीनंतर ते करत नाहीत. आणि तिचे हलव्याचे दागिने, पुण्याहून आलेले, निव्वळ साखरेचे, आमच्या घरी.

सुनंदाने ते कागदात गुंडाळून प्रेशर कुकरमध्ये ठेवले, झाकण लावलं आणि शिट्टीच्या भोकात कणीक दाबली. कुकर माझ्या पाठपिशवीत.

"पडलात तर पालथे पडा," तिने बजावलं.

गॉर्डनची फॅट बाइक (चार इंच रुंद टायरची सायकल) अमेरिकेहून आलेली. त्याने टायरमधली हवा कमी केली. "मऊ टायर बर्फ धरतो," तो म्हणाला. "पुढचा ब्रेक विसरून जा."

पहिल्या वळणापर्यंत मी जीव मुठीत धरला होता. मग कळलं, ही सायकल घसरत नाही. बर्फ दाबत, करकर आवाज करत जाते. रस्त्याकडेला मोटारी अडकलेल्या आणि मी एक्कावन्नाव्या वर्षी त्यांच्या शेजारून घंटी वाजवत पुढे. केंटनच्या उतारावर मी चक्क गाऊ लागलो.

वेम्ब्लीत शाळेला सुट्टी मिळालेल्या मुली बर्फाचा माणूस करत होत्या. पिशवीतून डोकावणारा कुकर बघून एक ओरडली, "अंकल, डिनरला काय?"

"दागिने," मी म्हणालो, हसलो आणि नको तोच ब्रेक दाबला. पालथाच पडलो. मुलींनी आधी सायकल उचलली, मग मला.

अल्पर्टनला एका गुजराती काकांचं दुकान उघडं होतं. चहा आणि गरम गाठिया.

"भाई, कुकर विकायला काढला?"

"नाही, बोरन्हाणाला निघालोय."

"मग बोरं कोण नेणार?" त्यांनी पाव किलो बांधून दिली.

"मामा, तुम्ही? सायकलवर?" केतकी दारातच थबकली. काळ्या झबल्यातली ईरा पाटावर बसलेली, शेजारची चार मुलं भोवती. आणि कुकर उघडेना. थंडीने रिंग आखडली होती. जावई ओढून दमला, मी दमलो. केतकीच्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, रेडिएटरपाशी ठेवा जरा. पुरुषांना कुकर कधी उघडता आलाय?"

पाच मिनिटांनी त्यांनीच तो उघडला. एक बांगडी मोडली होती. मुकुट, हार, बाजूबंद कोरडे ठणठणीत. ईराने मुकुट घातल्या घातल्या हारच चाटायला घेतला. डोक्यावरून बोरं ओतली तेव्हा मुलांबरोबर मीही गालिच्यावर रांगत होतो.

दुपारी सुनंदाचा फोन आला. "ट्यूब सुरू झाली म्हणे. तिनेच या."

"सायकल आत घेणार नाहीत," मी सांगितलं.

तसं मी कुणाला विचारलं नव्हतं. नऊ मैल बर्फ बाहेर तसाच होता, आणि उद्या तो राहील याची खात्री नव्हती.