अक्कानं निवडलेली बंदरं

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. आमच्या ह्यांना नाही, नीताला तर नाहीच. देवापुढं बसले की बाकी सगळं आठवतं, हे तेवढं मी गाळते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर सांगताना त्याच्या तोंडाकडं बघावं लागतं.

अक्का माझी थोरली बहीण, बारा वर्षांनी थोरली. धारवाडला मळमड्डीत राहायची, मुलींच्या हायस्कुलात इतिहास शिकवायची. अप्पा लवकर गेले. मग माझं शिक्षण, माझं लग्न — सगळं तिनं केलं, आणि तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. राहून गेलं असं आपलं आम्ही म्हणतो. कुणापायी राहिलं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिनं तो विषय एकदाही काढला नाही. मी लग्न होऊन हुबळीला देशपांडे नगरात आले. हे वकील. नीता आमची एकुलती एक.

नीता कॉलेजला धारवाडला जायला लागली, ती नव्वद सालाच्या आगेमागे. रोज बसनं जाऊन-येऊन पोर दमायची, म्हणून तिला अक्काकडं ठेवली. मीच ठेवली. पाच वर्षं राहिली. शनिवारी घरी आली की तोंडात एकच — मावशी म्हणते. आमटीत गूळ किती घालायचा इथपासून नवरा कसा असावा इथपर्यंत, सगळं मावशी म्हणते. हे हसायचे, ‘माय मरो, मावशी उरो!’ मीही हसायचे. चांगली मोठ्यानं हसायचे.

हे कारण म्हणून सांगत नाही हं. आधी काय झालं, मग काय झालं, एवढंच सांगते आहे.

दोन हजार तीन साल. नीता तोवर लग्न होऊन लंडनजवळ राहत होती. तिचा फोन आला — यंदाच्या उन्हाळ्यात जहाजानं फिरायला जाऊ. तुम्ही दोघं, मी आणि मावशी. जावयाला रजा नव्हती. ह्यांनी लगेच सांगितलं की आम्हा दोघांचं आम्ही बघू. आमच्याकडं दिलेल्या लेकीच्या संसारातलं काही घेत नाहीत. तिच्या घरी जेवलं तरी तिच्या हातात काहीतरी ठेवूनच उठायचं, अशी रीत. नीता म्हणाली, बरं, तुमचं तुम्ही बघा, पण मावशीला मी नेणार. पेन्शनवरची बाई ती, तिनं कुठून जायचं? आणि पुढं म्हणाली, ‘आई, कुठल्या मार्गानं जायचं ते मावशी ठरवेल. तिला विचार.’

अक्काकडं फोन नव्हता. मला कोण फोन करणार, म्हणायची. दोघींची पत्रं चालायची, पण घाईचा निरोप असला की तो माझ्यामार्फत. हे लक्षात ठेवा.

जहाजांची रंगीत पुस्तकं टपालानं आली, ती घेऊन मी मळमड्डीला गेले. अक्कानं आधी विचारलं, आम्ही दोघं आपलं आपण बघतोय का. मी हो म्हटलं. मग स्वतःच म्हणाली, ‘मला मात्र तिच्याकडून घ्यायला कसली लाज? ती माझीच की.’ चष्मा पुसला आणि बसली. पुढचे तीन आठवडे ती बाई त्या पुस्तकांवरून उठली नाही.

अहो, काय एकेक परीक्षा घेतली तिनं त्या जहाजांची! एका जहाजावर दोन पोहायचे तलाव होते. म्हणाली, पोहायचा तलाव बघायला समुद्रात कशाला जायचं, आपल्या उणकलच्या तळ्यानं काय घोडं मारलंय? नॉर्वेकडचं जहाज मला आवडलं होतं — डोंगर, बर्फ, चित्रं फार सुरेख. ती म्हणाली, डोंगर कुणी बांधला ते विचारता येत नाही गं, मला माणसांनी केलेलं बघायचंय. कुठलंही पान उघडलं की आधी बघायची जहाज बंदरात किती तास थांबतं. ‘पाच तासांत अथेन्स? म्हणजे पंगतीत बसून नुसतं मीठ चाखून उठायचं!’ असं करत करत तिनं एक मार्ग नक्की केला — व्हेनिसहून निघायचं, मग अथेन्सचं बंदर, इस्तंबूल, तुर्कस्तानातलं ते इफेसस नावाच्या जुन्या पडक्या शहराजवळचं बंदर, आणि अलेक्झांड्रिया. अलेक्झांड्रियाला काय बघायचं असं मी विचारलं. जळलेल्या ग्रंथालयाचं तिथं काही उरलेलं नाही म्हणे. मग कशाला जायचं? ‘एकतीस वर्षं मुलींना शिकवलं, ते होतं त्या गावात एकदा उभं राहायला नको?’

तिनं एक वही केली. बंदरामागं बंदर — काय बघायचं, कुठल्या दारानं आत जायचं, कुठल्या पायरीवर थांबायचं. पासपोर्टसाठी चौकशीला पोलीस आला, त्याची आई अक्काची विद्यार्थिनी निघाली. त्याला शिरा करून घातला आणि इफेससचा नकाशा दाखवला. गल्लीतल्या बायका विचारायला येऊ लागल्या — अक्का, तुम्ही जहाजानं जाणार म्हणे? पासष्टीची अक्का अंगणात उभी राहून सांगायची, माझी नीता नेणार आहे. माझी नीता.

खोटं कशाला सांगू — हे वाक्य माझ्या तोंडी शोभत नाही, पण सवय. मला मत्सर वाटत होता. माझ्या लेकीची सहल, आणि त्यात मी कोण? निरोप पोचवणारी. तरी तोपर्यंत मी काही केलेलं नव्हतं. मनात येणं वेगळं, नाही का?

मग नीताचा फोन आला. मावशीचा पासपोर्ट आला असेल तर नंबर कळव, उद्या जागा पक्क्या करायच्या आहेत. आणि जाता जाता — ‘तू आणि पप्पा एका खोलीत. मी मावशीबरोबर राहते. खूप दिवसांचं बोलायचं साठलंय.’

पासपोर्टचा नंबर माझ्यासमोर, फोनशेजारच्या कागदावर लिहिलेला होता. आणि मी म्हटलं, ‘अगं, ती आता नाही म्हणते आहे.’

का म्हणून नीतानं विचारलं. लेकीच्या घरचं घ्यायचं नाही म्हणते, मी सांगितलं. मग तिनं विचारलं, ‘मी लेक आहे म्हणून नको म्हणते, की लेक नाही म्हणून?’ तेव्हाही थांबता आलं असतं. मी म्हटलं, तिचं तिला माहीत, पण तू तिला काही लिहू नकोस हं, तिला अवघड होईल.

दुसऱ्या दिवशी मळमड्डी. अक्काला सांगितलं, नीताला तुझं जमत नाही म्हणे. सासरची काहीतरी अडचण असावी. तू विचारू नकोस, बिचारीला लाज वाटेल. अक्का वाटाणे सोलत होती. ‘आयतु, बिडु,’ म्हणाली — झालं, जाऊ दे. मनाला लागलं की अक्का कन्नडमध्ये बोलायची. मग उरलेले वाटाणे सोलून संपवले आणि मला चहा केला.

पकडले जाईन अशी भीती वाटली का? नाही. तीच तर गोष्ट आहे. दिलेल्या मुलीच्या संसारातलं विचारायचं नाही, हे अक्कानं आयुष्यभर पाळलेलं. आणि मोठ्या माणसानं नाही म्हटलं की पुन्हा आग्रह करून त्याला खाली बघायला लावायचं नाही, हे नीताला अक्कानंच शिकवलेलं. दोघीही विचारणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. दोघी कमी शहाण्या असत्या तर आठ दिवसांत माझं बिंग फुटलं असतं. ह्यांना मी नीताला सांगितलं तेच सांगितलं. दिवसभर कोर्टात उलटतपासणी करणारा माणूस, घरी एक प्रश्न विचारला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी अक्का स्वतः बसनं हुबळीला आली. वही दिली. ‘नीताला दे. तिला उपयोग होईल.’

मी दिली नाही. कशी देणार? वही बघितली असती तर नीताला कळलं असतं की अशी वही करणारी बाई नाही म्हणत नसते. मी ती बॅगेच्या तळाशी ठेवली. पण ठेवून स्वस्थ बसले असते तरी बरं. रोज सकाळी न्हाणीघरात कडी लावून मी त्या दिवसाचं बंदर वाचायचे. इफेससला उन्हात नीताला म्हटलं, ह्या रस्त्यानं खाली उतरायचं, वर चढायचं नाही, म्हणजे इथल्या पडक्या ग्रंथालयाची दर्शनी भिंत हळूहळू समोर येते. तशीच आली. नीता वळून माझ्याकडं बघत राहिली — ‘आई, तुला हे कसं माहीत?’ तसं तिनं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, वाचते की मीपण थोडंफार.

अलेक्झांड्रियाला माझे पाय सुजले होते. मी उतरलेच नाही, जहाजावर झोपून राहिले. परतीच्या आदल्या दिवशी वही खोलीतल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकली.

अक्कानं दोनच गोष्टी विचारल्या. अलेक्झांड्रियाला उभं राहून कसं वाटलं? मी सांगितलं, छान वारा होता. आणि नीताला वही आवडली का? मी म्हटलं, फार आवडली, ठेवून घेतली तिनं. अक्का खूश झाली. वहीबद्दल नीताचं पत्र येईल म्हणून वाट बघत बसली. महिनाभर पोस्टमनला विचारायची. नंतर विचारेनाशी झाली.

त्यांची पत्रं आखडत गेली. आधी महिन्याला यायचं, मग संक्रांत-दिवाळीला. नीता हुबळीला आली की मळमड्डीला तासभर जाऊन यायची. अक्का तिला ताटभर वाढायची, पण ‘राहा’ म्हणायची नाही. लेकीला अडचण होईल ना! आणि नीता राहायची नाही, कारण मावशीला आपण परक्या. दोघींच्या मधे मी बसलेली असायची, पोहे खात. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. माझं पाच वर्षं झाकलेलं राहिलं, आणि उजाडलं नाही.

दोन हजार आठला अक्का गेली. चार दिवसांचा ताप, बस्स. नीता पोचली तेव्हा सगळं झालं होतं. तेरावा मळमड्डीच्या घरातच केला. माणसं जेवून गेली, हे बाहेर लवंडले, आणि आम्ही मायलेकी स्वयंपाकघरात ताटं पुसत होतो. नीता म्हणाली, ‘आई, एक विचारू? मी तिला कधी आपली वाटलेच नाही का गं?’

आता बघा. अक्का नव्हती. वही नव्हती. नीता माझ्यावर रागावली असती — वर्षभर, दोन वर्षं, कदाचित कायमची. पण एका वाक्यात तिची मावशी तिला परत मिळाली असती. मला साठी आलेली. कुणाला भ्यायचं होतं?

मी म्हटलं, ‘जुनी माणसं ती, नीता. दिलेली लेक परकीच मानायची.’

नीतानं हातातलं ताट खाली ठेवलं. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती लहान पोरीसारखी रडली. मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. कित्येक वर्षांनी ती माझ्या कुशीत अशी आली होती. मला बरं वाटलं.