कान बुडवणारा एम्बोंग

"आधी कान बुडवा, मग जाळं." एम्बोंगचं हे बोलणं तेरेंगानूच्या नदीमुखावरच्या आमच्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ होतं. होडीची कड एका हातानं धरून तो टाळूपर्यंत पाण्यात उतरायचा आणि ऐकायचा. ढोमी मासा बोलतो. थवा मोठा असला, तर समुद्राच्या पोटात कुणी सुपात तांदूळ घोळवतंय असं वाजतं. एम्बोंग वर येऊन बोट दाखवी आणि तिकडे जाळी पडत. त्याचा बापही असाच होता. अशी माणसं विकत मिळत नाहीत, ती किनाऱ्याला पिकावी लागतात.

नदीपलीकडे शहर. तिथे त्याची लेक रोहाना केरोपोक, म्हणजे माशाचे पापड, तळून विकायची. समुद्र वर्षागणिक चढत होता. मोठ्या भरतीला खारं पाणी तिच्या चुलीपर्यंत यायचं. म्हणून शहरापुढे समुद्रातच भराव घालून उंच जमीन उभी करायचं ठरलं. एक धिप्पाड जहाज लांबून वाळू उपसून आणायचं आणि जाड नळातून भरावावर ओकायचं.

त्या दिवसांत एका सकाळी एम्बोंग पाण्यातून वर आला, तो उजळलेला चेहरा घेऊनच.

"ढोमी! अरे, खाली जत्रा भरलीय! टाका!"

जाळं ओढलं, तर आत एक चप्पल. तो पुन्हा बुडाला. "तिथेच आहेत, हललेसुद्धा नाहीत!" पुन्हा जाळं टाकलं, पुन्हा पाणीच आलं.

"काका, निदान चपलेचा जोड तरी मिळवून द्या," नावेचा मालक सालेह म्हणाला.

एम्बोंग तिसऱ्यांदा खाली गेला. तेवढ्यात जहाज जेवायला थांबलं, आणि खालची जत्रा एका क्षणात उठली. तो वर येऊन जहाजाकडे बघत राहिला. इतका वेळ त्यानं नळातून धावणारी वाळू ऐकली होती.

शुक्रवारी नावा बंद, त्यामुळे चहाच्या टपरीला तेवढाच उद्योग. "काकांनी भरावाला जाळं टाकलं! आता वाळूचं कालवण करा!"

सालेह मात्र हसला नाही. "काका, तुमचा मान आहेच. पण आता मासे दाखवणारं यंत्र आणतो. तुमच्या शब्दावर जाळं टाकायला माणसं कचरतायत."

"आण बाबा. पण मला आधी हे कळू दे."

दुसऱ्या दिवसापासून तो छोटी होडी घेऊन एकटाच नळाजवळ जाऊ लागला. तिथे बुडायचा, ऐकायचा, वर यायचा, पुन्हा बुडायचा.

"अहो, वाळूशी सोयरीक करताय की काय?" बायको जैतूननं विचारलं.

"अगं, ती हुबेहूब ढोमीसारखी बोलते. पण थांबत नाही. ढोमी मधेच गप्प होते, कुणी उत्तर देईल म्हणून. मी त्या गप्प होण्याची वाटच पाहिली नाही. कानाला हाव सुटली होती."

भराव पुरा झाला, जहाज निघून गेलं. पुढची मोठी भरती आली, तेव्हा रोहानाची चूल पेटलेलीच राहिली.

"बाबा, बघा, लाद्या कोरड्या!"

त्यानं लादीवर तळवा ठेवून पाहिला. केरोपोक चावत म्हणाला, "भरावाच्या पलीकडे आता कोण राहतं गं?"

"नव्या वाळूत कोण जाणार राहायला?"

"वर नाही गं. खाली, पाण्यात."

दुसऱ्या दिवशी सालेह त्याला गाठायला रोहानाच्या दुकानात आला. यंत्र आणलं होतं, पण अजून खोक्यात होतं. "काका, भरावाच्या पलीकडे एकदा कान बुडवा. जाळं रिकामं आलं, तर मी खोकं उघडतो."

"कबूल. पण तू आधी जा आणि इंजिन बंद करून थांब. मला कुणाचाही आवाज नको. मी चालत येतो."

एम्बोंगनं वहाणा हातात घेतल्या आणि जिथे त्यानं जन्मभर बुड्या मारल्या, त्या जागेवरून तो कोरड्या पायांनी भरावाच्या टोकाकडे चालू लागला. हळूहळू, मधेच थांबत, मान तिरकी करत. हातात झारा घेऊन रोहाना दुकानाच्या दारातून बघत होती. आणि पलीकडे, इंजिन बंद केलेल्या नावेत, जाळं हातात मोकळं करून सालेह बघत होता.