तीन ओळींपुरती जागा

आमच्या घरी आलेल्या माणसाच्या हातात पाण्याच्या पेल्याआधी चळवळीचं पत्रक पडायचं. वडील ती स्वतः छापायचे, आम्ही भावंडं वाटायचो. त्यामुळे कुठलाही कागद समोर आला की तो कोणी लिहिला आणि कोणाच्या सोयीसाठी, हे आधी बघायची मला खोड लागली. २०१५ नंतरची दोनेक वर्षं मी मस्कतजवळच्या गाला या औद्योगिक वस्तीत एका भाषांतराच्या कचेरीत होते. खाली गॅरेज, वर आम्ही. पुण्यात शिकलेल्या फ्रेंचवर माझं पोट चालायचं आणि ही खोड तिथेही सुटली नाही.

एकदा दुपारच्या सुट्टीत अर्बाब, म्हणजे आमचे मालक, घरी जेवायला गेलेले असताना रत्नागिरीकडचे एक चाचा जिना चढून आले. गालातच त्यांचं टायरचं दुकान होतं. त्यांचा धाकटा भाऊ फ्रान्समध्ये हॉटेलात स्वयंपाकी होता. तिकडचा नागरिक झाला, एक खोली घेतली आणि वर्षापूर्वी वारला. बायको आणि नऊ वर्षांची मुलगी गावी. खोली मुलीच्या नावावर झाली होती. वारशाचे व्यवहार बघणाऱ्या तिकडच्या नोटरीचं पत्र आलं होतं, ते चाचांना मराठीत हवं होतं.

पहिल्याच ओळीत मी अडखळले. ‘खोली विकण्याबाबत आपण पाठवलेल्या विनंतीस उत्तर.’

“चाचा, तुम्ही आधी पत्र पाठवलं होतं?”

“एक पाठवलं होतं. पुढे वाच.”

पुढे कायदा होता. वडील गेले असले तरी आई हयात आहे, तेव्हा मुलीची पालक तीच. दुसरा पालक नेमायचा प्रश्नच नाही. आणि मुलीची खोली विकायची तर आईलासुद्धा न्यायाधीशाची परवानगी लागेल. आईचं म्हणणं काय, ते तिच्या सहीने कळवावं.

“आमच्यात बाप गेला की चुलता बघतो,” चाचा म्हणाले. “फ्रान्सवाल्यांना काय माहीत? तू त्यांना फ्रेंचमध्ये उत्तर लिही, आई म्हणते, सगळं चुलत्याकडे दिलं. विकून गावात पोरीला घर बांधतो.”

“तिने असं म्हटलंय?”

त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून चार कागद काढले. चारही घडी घातलेले, दिसायला कोरे, बाईची सही तेवढी वर आलेली. आखातातल्या आपल्या लोकांची ही जुनी रीत. सुट्टी संपवून निघताना घरच्यांकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन ठेवायच्या, म्हणजे प्रत्येक कामासाठी टपालाची वाट बघायला नको. इतकी माणसं ते करतात की त्यात कोणाला काही वावगं दिसत नाही. मला दिसलं. एका मुलीचं घर कोऱ्या कागदावरून जाणार, असं एक अख्खं पत्रक माझ्या डोक्यात तयार झालं.

“मी हे लिहिणार नाही.”

“पोरी, तुला भाषांतराचे पैसे देतो, भाषणाचे नाही.”

मी कागद परत करायला उचलले, घडी उलगडली आणि थांबले. सही तळाशी नव्हती. चारही कागदांवर ती पार वर होती, वरच्या कडेपासून जेमतेम तीन बोटं खाली. सहीखाली फूटपट्टीने एक रेघ, आणि रेघेखालचा सगळा कागद काट मारून बाद केलेला.

“बायकांना सही कुठे करायची कळत नाही,” चाचा म्हणाले.

“तिला फोन लावा.”

“आत्ता?”

“आत्ता. नाहीतर खलास, दुसरीकडे जा.”

त्यांनी चिडून फोन लावला आणि टेबलावर ठेवला. मी पत्र वाचून दाखवलं. पलीकडे आधी कोंबड्यांचा आवाज, मग ती.

“भाई, विकायचं पत्र तुम्ही कधी धाडलंत?”

चाचा फोल्डर मिटू लागले.

“आणि ताई, तू कोण गं?”

“भाषांतर करते. सही इतकी वर का केलीत?”

“तीन ओळी मावतील एवढीच जागा सोडली. माझ्या नावावर कोणी पोथी लिहू नये.” ती हसली. “भाई वाईट नाहीत. पण घाई फार.”

“मग या तीन ओळींत काय लिहू?”

“पालक मी आहे. खोली विकायची नाही. पोर मोठी झाली की तिचं ती ठरवेल.”

मी फ्रेंचमध्ये लिहिलं, तिला मराठीत परत ऐकवलं. बरोबर मावलं.

“गावच्या घराचं छप्पर गळतंय तिचं,” चाचा फोनकडे न बघता म्हणाले.

“गळू दे. उरलेले तीन फाडा, भाई. ताई, तू बघ.”

त्यांनी फाडले, चार-चार तुकडे केले आणि माझ्या टोपलीत टाकले. लिहिलेला कागद मीच पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि माझ्याकडेच ठेवलं. माझ्याकडे न बघता ते जिना उतरले.

ते गेल्यावर मी टोपली टेबलावर उपडी केली आणि तुकडे जुळवले. तीन सह्या, तीन रेघा. सगळं होतं, एकही कागद त्यांनी मागे ठेवला नव्हता. तरी ते पाकीट मी त्यांच्या दुकानाशेजारच्या, त्यांच्या ओळखीच्या पोस्टात टाकलं नाही. संध्याकाळी टॅक्सी करून शहराच्या दुसऱ्या टोकाला, रुवीला गेले आणि तिथून पाठवलं.