बाटीच्या ओव्हनमधलं इंजिन

लग्न होऊन मी जुन्या जालन्यात आले तेव्हा बाबूजी, म्हणजे माझे सासरे, साठीला टेकले होते. खाली धान्याचं होलसेल दुकान आणि वर आमचं घर. आमची माणसं राजस्थानातून येऊन इथे किती पिढ्या झाल्या हे कुणालाच नीट सांगता यायचं नाही. घरात मारवाडी, रस्त्यावर मराठी, दुकानात दोन्हींत हिंदी मिसळलेलं. पण सुनेनं सासऱ्यासमोर घुंघट घ्यायचा आणि त्यांच्याशी बोलायचं नाही, ही रीत तेवढी शाबूत होती. बाबूजींना चहा हवा असेल तर ते सासूबाईंना सांगत, सासूबाई मला सांगत, आणि मी कप ठेवून मागे फिरे. भांडण नव्हतं, धाकही नव्हता. फक्त बोलणं नव्हतं.

बाबूजींना एक नाद होता, आणि त्याची गल्लीत सगळ्यांना गंमत वाटायची. ते रेडिओ-रिमोटवर चालणारी छोटी विमानं उडवायचे. कॉलेजात असताना त्यांनी कुणाला तरी असं विमान उडवताना पाहिलं होतं, ते डोक्यातून गेलंच नाही. दुकान मुलाच्या हाती गेल्यावर त्यांनी संभाजीनगरच्या एका म्हाताऱ्या शौकिनाकडून एक जुनं इंजिन आणलं. मुठीत मावेल एवढं, पण चार स्ट्रोकचं. आत व्हॉल्व्ह, कॅम, दांड्या, सगळं मोठ्या इंजिनासारखं. ते गच्चीवर एका लाकडी घोडीला नटांनी आवळलेलं असायचं आणि रविवारी सकाळी बाबूजी त्याचा पंखा फिरवत बसायचे.

मी गच्चीवर पापड वाळत घालायला जायची. तोंड भिंतीकडे आणि कान इंजिनाकडे.

कानाचं कारण माझं माहेर. पिंपळगाव रेणुकाईला माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनावर चालणारी. धूर जायच्या नळीच्या तोंडावर पत्र्याचा एक डबा बसवलेला असायचा, त्यामुळे तिचा कुक कुक आवाज शिवारभर जायचा आणि बाया दळणाचे डबे घेऊन निघायच्या. मी त्या आवाजात अभ्यास केला, त्याच आवाजात झोपले. वडील जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायचे, "धापा टाकून राह्यलं बघ." आणि उठून जायचे. पुढे पुढे ते उठायच्या आधी मलाही कळायला लागलं होतं.

तर त्या सकाळी बाबूजींचं इंजिन सुरू व्हायचं आणि बंद पडायचं. त्याच्या डोक्यात एक छोटा प्लग असतो, त्याला बॅटरी लावून आतली तार लाल करायची, पंखा फिरवायचा, इंजिन लागलं की बॅटरी काढायची. मग त्याच्याच उष्णतेनं तार लाल राहते. बाबूजींनी बॅटरी काढली की इंजिन गचका खाऊन गप्प. पुन्हा लावायचं, पुन्हा गप्प. इंधनात मिसळलेल्या एरंडेलाचे बारीक थेंब माझ्या पापडांपर्यंत यायला लागले. सासूबाई जिन्यातून वर आल्या आणि त्यांनी ते पाहिलं.

"आज राहू द्या ना हे," त्या म्हणाल्या. "पापडाला जुलाबाच्या औषधाचा वास येऊन राह्यला."

मी सासूबाईंच्या कानाशी लागले. "बाईजी, त्यांना सांगा, वरती टिकटिक लई येऊन राह्यली. व्हॉल्व्हची फट वाढली असंल."

"कसली फट?"

"व्हॉल्व्हची."

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "मला न्हाई सांगता यायचं ते. तूच सांग."

मी पापड सरळ करत राहिले. बाबूजींनी मान वर केली नाही. ते इंजिनाकडेच बघत म्हणाले, "टिकटिक कोणत्या बाजूनं येऊन राह्यली, पुढून का मागून?"

"मागून," मी भिंतीकडे बघत म्हणाले. आमचं पहिलं बोलणं ते.

त्यांनी वरचं झाकण काढलं. आत दोन चिमुकल्या तरफा होत्या, प्रत्येकीला तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू. फट मोजायला पोलादाची पातळ पत्ती लागते, ती तरफेखाली सरकवायची. न अडकता, पण किंचित ओढ लागून सरकली की फट बरोबर. बाबूजींचा चष्मा घामानं घसरत होता. पत्ती त्यांच्या हातातून दोनदा पडली. तिसऱ्यांदा त्यांनी ती उचलून घोडीच्या कडेला, माझ्या बाजूला ठेवली आणि स्वतः जरा सरकले.

मी घुंघट कानामागे खोचला आणि बसले. स्क्रू फिरवून फट जमवली की नट आवळताना ती पुन्हा बदलायची. बाबूजी म्हणाले, "जल्दी नको करू. थंड इंजिनाला घाई न्हाई." शेवटी जमलं. टिकटिक गेली, पण बॅटरी काढल्यावर इंजिन तरीही गचकलं. मला वाटलं होतं सगळा दोष फटीचाच. बाबूजींनी तेल सोडणारी सुई थोडी मिटवली आणि म्हणाले, "जास्त पाजून राह्यलो होतो मी त्याला." मग ते लागलं ते लागलंच. खोल, जाड, गडगडणारा आवाज. सासूबाई पापडांचं ताट उचलून खाली गेल्या.

त्यानंतर घुंघट राहिला, पण तो आखडत आखडत नुसता डोक्यावरचा पदर झाला. खाली घरात आम्ही फार बोलायचो नाही, चहाही सासूबाईंमार्फतच जायचा. गच्चीवर मात्र बोलायचो. म्हणजे सुई, प्लग, बेअरिंग, बस. दुसरं काही त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पण मला मूल राहायला वेळ लागत होता आणि घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यावर काहीतरी बोलून जायचा, त्या दिवसांत बाबूजी रविवारीच नाही तर मधल्या वारीही मला मारवाडीत सुनेला मारतात तशी हाक मारून गच्चीवर बोलवायचे. "बिनणी, जरा बघ तर, आवाज बराबर न्हाई वाटून राह्यला." आवाज बिलकुल बरोबर असायचा.

उडवायला आम्ही माझ्या माहेरी जायचो. गावाबाहेर वडिलांच्या ओळखीच्या एका काकांचं रान होतं, पीक निघालं की सपाट आणि मोकळं. गाडीच्या मागच्या सीटवर विमानाचे पंख, सासूबाईंच्या मांडीवर त्याची शेपटी. सासूबाई रेणुकामातेचं दर्शन घ्यायच्या आणि मग माझ्या आईबरोबर बांधावर येऊन बसायच्या. विमान वर गेलं की आवाज असा यायचा जणू लांबून कुणी मोटरसायकलवर सावकाश येतंय. काका कपाळावर हात धरून बघायचे. "शेठ, जनावरं भ्यायची बंद झाली आता," ते म्हणायचे. "आधी बैल दावं तोडायचा."

एका वर्षी दिवाळीच्या थोडं आधी ते विमान हरवलं. ऊन कडक होतं, आणि बाबूजींना वाटलं जोर कमी पडतोय, म्हणून त्यांनी सुई आणखी मिटवली. मी म्हणाले, "बाबूजी, उपाशी राहील." ते म्हणाले, "एक चक्कर." वर गेल्यावर फट्ट असा आवाज आला आणि मग काहीच नाही. इंजिनानं उलटा झटका देऊन पंखाच फेकून दिला होता. विमान आवाजाविना वाऱ्यावर तिरकं तिरकं जात राहिलं आणि दोन बांधांपलीकडे छातीएवढ्या कपाशीत बसलं. आम्ही सगळे शोधत फिरलो. सासूबाईसुद्धा साडी खोचून ओळीत शिरल्या. सूर्य मावळला तरी सापडलं नाही.  परतताना भोकरदनला चहाला थांबलो तेव्हा बाबूजी एवढंच म्हणाले, "तू बोललीच होती."

मग परतीचा पाऊस झाला. बाबूजी गच्चीवर जायचे बंद झाले. दुकानात गादीवर बसून पेपर वाचायचे, आणि माझे यजमान खालून येऊन मला हळूच सांगायचे की पान काही उलटत नाही.

विमान कापूस वेचणाऱ्या बायांना सापडलं. पंख कुजले होते. एका बाईनं इंजिन ओच्यात घालून काकांकडे दिलं, काकांनी ते गिरणीवर नेलं. वडिलांनी मला फोन केला. "उघडलं न्हाई मी ते. डिझेलच्या डब्यात बुडवून ठेवलंय. त्यांना म्हणावं, फिरवून बघायची घाई करू नका." मी फोन ठेवला, आणि सासूबाईंना न विचारता थेट दुकानात उतरले. गिऱ्हाइकं होती, हमाल होते. मी डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबूजी, इंजिन सापडलं." ते गादीवरून उठले ते चप्पल शोधायलाच लागले.

बाकी सगळं वाचलं होतं, पण आतली दोन बेअरिंग गंजून दगड झाली होती. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या कवचात, म्हणजे त्यांच्या 'घरात', ती इतकी घट्ट बसवलेली असतात की ठोकून निघत नाहीत. ठोकलं तर घरच तडकतं. बाबूजींना माहीत होतं की अख्खं घर तापवायचं, ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि बेअरिंग आपोआप सुटतं. पण तापवायचं कशात? गॅसवर एकसारखं तापत नाही. दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली आणि दोघंही स्वयंपाकघराकडे बघायला लागलो. सासूबाईंचा बाटीचा ओव्हन. गॅसवर ठेवायचा, झाकणाचा, ज्यात बाट्या चारी बाजूंनी सारख्या भाजतात.

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या, आम्ही काही बोलायच्या आत.

"धुऊन-पुसून ठेवलंय ते," बाबूजी म्हणाले.

"विषारी तेल पिणारं इंजिन माझ्या बाटीच्या भांड्यात? मंग मी बाटी कशात करू?"

बाबूजी बाजारात गेले आणि नवा ओव्हन घेऊन आले. नवा सासूबाईंचा, जुना इंजिनाचा. सासूबाईंनी नव्याचं झाकण उघडमीट करून पाहिलं, आणि मग जुन्याची ज्योत किती ठेवायची ते स्वतःच सांगायला उभ्या राहिल्या. "बाटीला ठेवते तेवढी नको. खिचडीला ठेवते तेवढी." घर तापलं, बाबूजींनी चिमट्यात धरून पाटावर हलकेच आपटलं आणि बेअरिंग टक्कन बाहेर पडलं. सासूबाई हसल्या. "दातासारखं पडलं," त्या म्हणाल्या. नवी बेअरिंग बाबूजींनी मोंढ्याकडच्या दुकानातून आणली होती. ती मी फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवली होती, म्हणजे आक्रसतील. तापल्या घरात गार बेअरिंग नुसती ठेवताच खाली बसली.

जोडताना मात्र मी चुकले. कॅमच्या चाकावर एक टिंब असतं, ते ठरल्या जागी यावं लागतं, तरच व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात. बाबूजींना टिंब दिसत नव्हतं, मला दिसत होतं, आणि मी ठामपणे म्हणाले की बरोबर आहे. घोडीवर लावलं तर इंजिन तोंडातून फुसकारे टाकायला लागलं, लागेचना. सगळं पुन्हा उघडलं. बाबूजींनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "एक दात." टिंब चाकाच्या एका दातानं पुढे गेलं होतं. एक दात मागे घेतल्यावर पहिल्याच झटक्याला लागलं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं ते चाललं. मला मुलगी झाली, ती त्या आवाजात पाळण्यात झोपायची. पुढे बाबूजींना ऐकू कमी यायला लागलं. आधी बारीक आवाज गेले, मग टिकटिक गेली. ते घोडीच्या लाकडावर दोन बोटं ठेवून बसायचे आणि मी सुई फिरवताना माझ्या तोंडाकडे बघायचे. माझ्या कपाळाची आठी गेली की ते मान हलवायचे. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी उडवणंही सोडलं. तोवर सगळीकडे बॅटरीची विमानं आली होती, इंजिनात घालायचं मिथेनॉल सहज मिळेनासं झालं होतं. माझे यजमान दोन-चारदा बॅटरीचं विमान घेऊन आले, बाबूजींनी कौतुकानं पाहिलं. नंतर मला म्हणाले, "चांगलं आहे. पण मिक्सरवानी वाजतं."

बाबूजींना जाऊन आता तीन हिवाळे झाले. इंजिन मी कपाटात ठेवलंय, तेल घालून, कापडात गुंडाळून. अधूनमधून काढून पंखा हातानं फिरवते, बेअरिंग चिकटू नये म्हणून. चालवायचं मात्र मनात आलं नव्हतं.

या मार्चमध्ये एक दिवस सासूबाई दुपारी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "एकदा लाव ना ते."

"कशाला, बाईजी?"

"लई गप झालंय घर."

बाटलीच्या तळाशी जुनं तेल होतं, ते बिघडलं असणार हे मला माहीत होतं. तरी आम्ही गच्चीवर गेलो. मी त्यांना सावलीत खुर्ची दिली. प्लग लाल होईना, दुसरा लावला. पंखा फिरवून फिरवून माझा खांदा भरला. सासूबाई एकदाही राहू दे म्हणाल्या नाहीत. बऱ्याच वेळानं ते खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. जुन्या तेलामुळे आवाज खरखरीत येत होता, एरवी मी लगेच सुई फिरवली असती. पण सासूबाईंनी डोळे मिटले होते, म्हणून मी तसंच चालू दिलं. शेजारच्या गच्चीवरची सून कपडे काढता काढता थांबून बघत होती.

टाकीतलं तेल संपत आलं तसा आवाज चढला आणि मग थांबला.  मग खाली सासूबाईंच्या मोबाइलची रिंग वाजली, माझी मुलगी पुण्याहून रोज त्या वेळेला फोन करते. त्या कठड्याला धरून जिना उतरल्या. मी प्लग काढला, आत वंगणाच्या तेलाचे थेंब सोडले आणि इंजिन गार व्हायची वाट बघत बसले. खालून सासूबाईंचा आवाज येत होता, त्या नातीला मोठ्यानं सांगत होत्या की तुझ्या आईनं आज कसं लावलं, किती वेळ लागला, आणि आवाज काही बराबर नव्हता.