उकळलेलं बियाणं

माझी आई वारली तेव्हा मी तेरवी उरकूनच सासरी परतले. अंगणात पाय ठेवला आणि चिन्नोरचा वास आला. सुवासाचं धान ते. पण सणवार नव्हता, पाहुणेही नव्हते. परसात मोठा गंज, धान उकळायचं पातेलं, उतरवून ठेवलेला होता आणि चटईवर उकळलेलं धान वाळत होतं. असं धान उकळून उसना तांदूळ आमच्याकडे घरोघरी करतात, पण चिन्नोर कोणी उकळत नाही. मी बियाण्याच्या ढोलीत हात घातला. तळ लागला. उकळलेलं धान पुन्हा उगवत नाही.

लग्नात आईने ओच्यात बांधून दिलेलं बियाणं होतं ते. दरवर्षी बोडीच्या तळ्याखाली शेताच्या एका तुकड्यात, एका बांधीत, मी ते लावायची, लोंब्या निवडून पुढच्या सालासाठी ठेवायची.

उकळायचं ठरवलं भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी. लाखनीच्या बाजूला सगळीकडे बुटकं, नवं धान लागत होतं. त्यांनीही नव्या बियाण्याची पोती आणली होती, आणि एकही बांधी जुन्या धानाखाली अडकायला नको होती.

भासऱ्यांसमोर सुनेने बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी पदर ओढून दाराआड उभी राहिले. ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "उंच धान पाण्यावाऱ्यानं लोळते. वास घेऊन पोट भरते का? तुह्या बायकोले सांग, माहेरचं कौतुक पुरे झालं."

नवरा रात्री जेवताना एवढंच बोलला, "भाऊनं केलं. आता मी का करू?"

खोटं सांगणार नाही, नवं धान पिकलं. खळ्यात धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे इतके उंच लागले की सासूने दृष्ट काढली. पूर्वी भादव्यात आम्ही पेजेवर दिवस काढायचो. त्या वर्षापासून माझी पोरं दोन वेळा भात जेवली. त्या भाताचा प्रत्येक घास मला बोचत होता आणि तरीही मी पोरांच्या ताटात आणखी वाढत होते. तो राग कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं, म्हणून मी तो सांभाळून ठेवला.

पुढे वाटणी झाली. मी माहेरी गेले तर भावानेही नवंच धान धरलेलं. आईचं बियाणं तिथेही उरलं नव्हतं. शेवटी चिखल्याला मामीकडे मिळालं. मामा खाणीत कामाला; मामीने कधीकाळी आईकडून नेलेलं धान घरामागे थोडंसं जपलं होतं. तिने मला ओंजळभर दिलं. मी ते वाढवत वाढवत पुन्हा बांधीभर केलं.

तोवर नव्या धानाचे दुसरे रंग दिसू लागले होते. तणस आखूड, बैलांना पुरेना. खत घातल्याशिवाय ते हलत नव्हतं. फवारणी सुरू झाली तशी बांधीतली मासोळी गेली. मग एका पावसाळ्यात गादमाशीची कीड आली. भासऱ्यांच्या शेतात लोंब्यांच्या जागी पांढरे पोकळ पोंगे उभे राहिले. आमचंही नवं धान गेलं. चिन्नोरलाही झळ लागली, पण बरंचसं वाचलं. लोक हळहळत होते. मला आतून बरं वाटत होतं.

उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, भासरे स्वतः आले. अंगणात खाटेवर बसून नवऱ्याला म्हणाले, "तुह्या बायकोपाशी चिन्नोरचं बियाणं आहे म्हणते. थोडं दे म्हणा."

मी ढोलीतून टोपलीभर काढलं. अंगणातल्या चुलीवर गंज चढवला, पाणी ओतलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते धान त्यात सोडलं.

"का करून राहिली?" नवरा उठला.

मी जाळ सारला आणि थेट भासऱ्यांकडे पाहिलं. लग्नानंतर त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होते. "बसा. उसना तांदूळ होईल, घेऊन जा. माह्या मायचं बियाणं तुम्ही असंच उकळलं होतं."

वास सगळ्या अंगणात पसरला. मग भासरे म्हणाले, "मी साऱ्यायच्या पोटासाठी केलं होतं."

"मले विचारून नाही केलं."

विहिरीवर जाणाऱ्या बाया थबकून पाहत होत्या. ते उठले आणि मान खाली घालून गेले. नवरा पुढचा आठवडा त्यांच्याकडेच जेवला.

माझ्या सुडाने त्यांचं काही अडलं नाही. पुढे गादमाशीला दाद न देणारं आणखी नवं धान आलं, त्यांनी ते लावलं, चांगलं पिकवलं, सिमेंटचं घर बांधलं. बियाणं कमी झालं ते माझंच. त्या साली अर्धीच बांधी लागली. आता नातू प्रयोगशाळेत घडवलेल्या बियाण्याच्या गोष्टी सांगतो, चांगलं की वाईट विचारतो. मी त्याला म्हणते, पिकत असेल तर लाव, पण दुसऱ्याच्या ढोलीत हात घालू नको.

भासरे अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना चिन्नोरची पेज खावीशी वाटली. माझी जाऊ वाटी घेऊन दारात आली. मी तिला बसवलं, विचारपूस केली, चहा दिला. पेजेचा विषय तिने दोनदा काढला. मी ऐकलं आणि तिच्या कपात आणखी चहा ओतला. तो पिऊन ती रिकामी वाटी घेऊन गेली.