गाडीपुढं कंदील

डांबराचा वास आला की दुष्काळातली ती रात्र आठवते. येडशीजवळ आमची टोळी छोट्या रेल्वेच्या रुळाखालचे कुजलेले लाकडी स्लीपर काढून डांबर लावलेले नवे बसवत होती, अन् रात्रीची गाडीही चालूच होती. त्या गाडीतनं माझी अडलेली बायको बार्शीच्या दवाखान्यात निघालेली. मुकादम म्हणाले, "नवे स्लीपर कच्चे हायत, गाडी सकाळपर्यंत थांबवू." मी म्हणालो, "खिळे म्या ठोकलेत. येऊ द्या." रिवाजाप्रमाणं हिरवा कंदील धरून इंजिनापुढं चाललो, पण नजर मागं, चाकाखालच्या रुळावर. रूळ हलला न्हाय. वळणावर डब्याच्या खिडकीतनं बायको कण्हत ओरडली, "म्होरं बघून चाला की, पडाल." तवा माझा जीव भांड्यात पडला. पहाटे बार्शीत पोरगी झाली, दोघी सुखरूप. मी इंजिनाला भिऊन मागं बघत होतो, असं बायको अजून सगळ्यांना सांगते. सांगू द्या.